बाहीवरचा निळा चौकोन

रफूचा रंग दिव्याखाली जुळवायचा नाही, हा रफूताईंचा पहिला नियम. संध्याकाळी कितीही घाईचे गिऱ्हाईक आले तरी त्या कापड उलगडतात, भोक बोटाने चाचपतात आणि सांगतात, “उद्या सकाळी. उजेडात.” कोणी हुज्जत घातलीच तर म्हणतात, “दिव्याखाली सगळे रंग एकमेकांचे नातेवाईक होतात. उजाडलं की ओळख दाखवत नाहीत.” गिऱ्हाईक हसते. ताई कधी हसत नाहीत. त्यांच्याच विनोदावर त्या का हसत नाहीत, हे मला त्याच इमारतीत बरीच वर्षे काढल्यावर समजले. तेही अर्धे त्यांच्याकडून आणि अर्धे वरच्या मजल्यावरच्या बाईंकडून.

आमच्या जिन्याखाली उत्तरेकडे तोंड असलेली एक खिडकी आहे. तिथे ताईंचे मेज, दोन स्टुले, भिंग, सुयांची चपटी डबी आणि वापरून गुळगुळीत झालेला एक लाकडी गोळा. फाटलेली बाही त्या गोळ्यावर ताणायची आणि त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून उपसलेल्या धाग्याने भोक विणून काढायचे. “ज्याचं भोक, त्याचाच धागा,” हा दुसरा नियम. ताई डावखुऱ्या आहेत. त्यांची वीण इतरांच्या उलट दिशेने चालते, आणि धाग्याचे शेवटचे टोक त्या डावीकडे दडवतात. पाहणाऱ्याला ते कळत नाही. त्यांना स्वतःला मात्र अंधारात बोट फिरवूनही आपले काम ओळखू येते.

ताई अडुसष्ट वर्षांच्या. त्यांचे यजमान बसवर तिकीट तपासनीस होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. रोज दुपारी चारला पहिल्या मजल्यावरच्या बाई चष्मा सारखा करीत खाली येतात. त्या प्राथमिक शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत, एकट्या राहतात, आणि अजूनही जिन्यावरून उतरताना वर्गात शिरल्यासारख्या उतरतात. मग दुसऱ्या स्टुलावर बसून चहा. असा चहा दोघींनी तीस वर्षे घेतला. बाई ताईंना ताई म्हणतात, ताई त्यांना बाई. बहिणींमध्येही इतका जिव्हाळा क्वचित असतो, असे इमारतीत सगळेच म्हणत.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी या शहरात करड्या डगल्यांचे एक दल होते. तेव्हाच्या राजवटीने उभे केलेले, राजवटीबरोबरच संपलेले. लोक त्यांना नुसते ‘करडे’ म्हणत. करडे पहाटे येत. एक जण जिन्याच्या तोंडाशी उभा राही, बाकीचे वर जात, आणि उतरताना त्यांच्यात एक माणूस जास्त असे. बाईंचा थोरला भाऊ असाच उतरला. छापखान्यात अक्षरे जुळवायचा, वय एकोणीस. परत आला नाही. अकरा वर्षांच्या बाई तेव्हा शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. वाट अडवून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहण्याचा धीर झाला नाही, म्हणून त्या समोर जे होते ते पाहत राहिल्या. समोर त्याची डावी बाही होती, आणि मनगटाशी पोस्टाच्या तिकिटाएवढा एक निळा चौकोन.

राजवट गेल्यावर चौकशी बसली. आई बाईंना घेऊन गेली. मुलीने निळा चौकोन सांगितला. मेजामागचा माणूस हसला होता. “करड्यांच्या गणवेशात निळं काहीच नव्हतं, बाळ. नीट आठव.” त्याने ते लिहून घेतले नाही. बाईंनी ही हकिकत ताईंना ओळखीच्या दुसऱ्या वर्षी सांगितली आणि पुढे कितीतरी वेळा. शेवटी शेवटी त्या म्हणत, “कदाचित मीच रंगवला असेन, ताई. लहान मुलं रंगवतात.”

ताई दर वेळी कपात पाहत. कारण त्यांचे यजमान तपासनीस होण्यापूर्वी एकोणीस महिने करड्यांत होते.

लग्न नवे होते. कापडाची गिरणी बंद पडली होती, आणि करड्यांत जाणाऱ्याला बूट मिळत. ते गेले ते बुटांसाठी, असे ताई सांगतात. एकदा कुठल्याशा कुंपणाला बाही अडकून फाटली. सरकारी शिवण कद्रू, दुमडीत धागा पुरेसा नव्हता. ताई तेव्हा कामात नवशिक्या होत्या. त्यांनी आपल्या शालीतून धागे उपसले आणि दिव्याखाली बाही विणून दिली. शाल निळी होती. दिव्याखाली करडी दिसत होती. पहाटे यजमान डगला चढवून गेले, आणि उजाडल्यावर ताईंनी खिडकीत शाल झटकली तेव्हा त्यांना आपली चूक दिसली. त्या दिवसापासून तो नियम. पुढे यजमानांनी डगल्यात दगड बांधून तो पुलावरून नदीत टाकला; निदान घरी तसे सांगितले. ते कुठल्या कुठल्या जिन्याशी उभे राहिले, हे ताईंनी विचारले नाही. बाई या इमारतीत राहायला आल्यावर मात्र यजमान जिन्यात त्या दिसल्या की वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. ताईंनी ते पाहिले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यांनी मूठ तीस वर्षे घट्ट धरली. बोटे दुखेपर्यंत धरली.

त्या गुरुवारी नातू आला. हा त्यांच्या मुलीचा मुलगा. वय तेवीस, अंगाने किरकोळ, म्हणून लहानपणापासून सगळे त्याला बारक्या म्हणतात. आता कंपनीतले लोकही म्हणतात. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोचके होते.

“आजी, कोपर फाटलंय. रविवार सकाळपर्यंत हवंय.”

“सगळ्यांना रविवारपर्यंतच हवं असतं. आण.” ताईंनी कागद सोडला आणि त्यांचा हात थांबला. “हे कुठून आणलंस?”

“जुन्या बाजारातून. अस्सल आहे. हल्ली नवे शिवलेलेही मिळतात, पण ते लांबून कळतात.”

“आणि अस्सल घालून काय दिवे लावणार?”

“चौकात उभं राहायचं. नऊ जण आहोत आम्ही. काही करत नाही गं. घोषणा नाही, काही नाही. नुसतं उभं राहतो.”

“नुसते उभे राहणारेही होते त्यांच्यात,” ताई म्हणाल्या. “हा कोणाचा डगला, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे म्हणून तर. ठाऊक नसता तर कोणी वळून पाहिलं असतं?” तो स्टुलावर बसला. “एकाला वाटतं तेव्हा शिस्त होती. एकाला बापाला डिवचायचंय. एकाला तर नुसती बटणं आवडतात, खरंच सांगतो.”

“आणि तुला?”

बारक्याने सुयांची डबी उघडली, मिटली. “मी दिवसाला दहा इमारती करतो. लिफ्ट अडकली की लोक मलाच झापतात, जणू मीच आत बसून ओढून धरली होती. ‘ए बारक्या, किती वेळ?’ मागच्या रविवारी मित्राचा डगला घालून पाहिला. फुटपाथवर लोक बाजूला झाले, आजी. मी कोणाला काही बोललो नव्हतो. आपोआप झाले. जन्मात पहिल्यांदा.”

तो हे इतक्या सरळपणे बोलला, की ताईंना रागवायला जागाच सापडली नाही. यजमानही बुटांविषयी असेच सरळपणे बोलत. त्या एवढेच म्हणाल्या, “ठेव.”

तो गेल्यावर त्यांनी फाटलेले कोपर गोळ्यावर ताणण्यासाठी डावी बाही उलटी केली. बोट मनगटाशी आले. तिथे एक वीण होती. उलट्या दिशेची. शेवटचे टोक डावीकडे दडवलेले. त्यांनी बाही खिडकीकडे नेली. धागा पुष्कळ विटला होता, तरी उत्तरेच्या उजेडात तो निळा होता.

“नदीत टाकला म्हणाले होते,” हे सांगताना त्या मला म्हणाल्या, “चांगला वाळलेला होता की.”

त्या संध्याकाळी त्यांनी पेटीच्या तळातून शाल काढली आणि बाहीशेजारी धरली. मग शाल पुन्हा तळाशी ठेवली, वर चादरी रचल्या, कडी लावली, आणि थोड्या वेळाने कडी लागली की नाही हे पाहायला परत उठल्या. जीव टांगणीला लागलेला माणूस जे करतो ते सगळे त्यांनी केले. दूध उतू घालवले. दार दोनदा लावले.

वाटा मोजक्याच होत्या. डगला दुरुस्त करायला नकार दिला तर बारक्या तो फाटकाच घालणार. फाटका अधिकच अस्सल. डगला नाहीसा केला तर तो बाजारातून दुसरा आणणार, आणि पहिल्याचे काय झाले ते घरभर विचारीत सुटणार. तिसरी वाट सर्वांत सोपी होती. जुनी वीण उसवायची आणि कोपरासाठी जो करडा धागा बाजारातून आणावाच लागणार होता, त्यानेच मनगटही विणून टाकायचे. अर्ध्या तासाचे काम. भोक नव्हतेच असे दाखवणे हाच तर धंदा.

शुक्रवारी दुपारी त्यांनी सुईच्या टोकाने निळे धागे उचलायला सुरुवात केली. दोन धागे निघाले. तिसऱ्याला सुई लागली आणि जिन्यावर पावले वाजली. चार वाजले होते. त्यांनी डगला मेजाखालच्या टोपलीत कोंबला आणि वर कोणाचातरी पडदा टाकला.

बाईंच्या हातात कालचे वर्तमानपत्र होते. चौकातल्या पोरांचे छायाचित्र आले होते, चेहरे अर्धवट. “पाहिलंत? म्हणे कायदा करणार. एक म्हणतो बंदी घाला, दुसरा म्हणतो घालू द्या, कपडाच तर आहे.” बाईंनी कागद मेजावर पसरला. “मला वेगळंच पडलंय, ताई. काय मिळतं हो यांना? इतक्या वर्षांनी ते अंगावर चढवून काय मिळतं?”

“बूट,” ताई म्हणाल्या.

“काय?”

“काही नाही. चहा निवतोय.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. शाळेत चाळीस मुलांतून खोटे बोलणारे एक हुडकायची ती नजर. पायाशी टोपली होती आणि पडद्याखालून करडी कॉलर बोटभर बाहेर डोकावत होती. त्यांनी पायाने टोपली आत सारली. बशी खणखणली.

“बरं वाटत नाहीये का?”

“पाठ धरलीय.”

“मग आज लवकर आवरा.” बाई उठल्या, आणि जाता जाता छायाचित्राकडे पुन्हा पाहून म्हणाल्या, “मी रात्री भिंगाने पाहिलं हो. एकेकाची बाही. वेडीच मी. निळं कुठलं असायला? तो मेजामागचा बरोबरच म्हणाला असेल. सगळं आयुष्य मी एका रंगावर भांडत बसले, जो नव्हताच.”

बाई वर गेल्या. ताईंनी मेजावरचे दोन निळे धागे पाहिले. उरलेलेही उसवून टाकले असते, तर बाई कायमच्या खोट्या ठरल्या असत्या, आणि तेही ताईंच्या हातून. इतकी वर्षे गप्प राहणे ही एक गोष्ट होती. हे त्याच्या पुढचे पाऊल होते, आणि ताईंना ते पाऊल स्पष्ट दिसले. त्या मला म्हणाल्या, “तोवर मी फक्त बोलले नव्हते. सुई लावली की मी तिथे जिन्याशी उभी राहिले असते. यांच्या शेजारी.”

शनिवारी त्यांनी कोपर रफू केले. मनगटाला हात लावला नाही. निघालेले दोन धागे तेवढे परत जागी ओवले. चारला पावले वाजली तेव्हा डगला मेजावर उघडा होता, डावी बाही वर. शेजारी शाल. चहा त्यांनी केलाच नव्हता.

बाई शेवटच्या पायरीवरच थांबल्या.

“बसा आधी,” ताई म्हणाल्या. “हा बारक्याने बाजारातून आणलाय. त्याला काही माहीत नाही. बाहीचं रफू माझं आहे. धागा या शालीचा. डगला यांचा.”

बाईंनी विचारले नाही, ‘यांचा’ म्हणजे कोणाचा. त्या पुढे आल्या, मेजावरचे भिंग घेतले आणि बाहीवर धरले. खूप वेळ धरले. मग निळ्या चौकोनावर तर्जनी ठेवली, जशी लहान मुले वाचताना अक्षराखाली ठेवतात.

“निळाच आहे,” त्या म्हणाल्या.

“निळाच.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“रफू ठाऊक होतं. जिना ठाऊक नव्हता. तुम्ही सांगितलंत तेव्हा ठाऊक झाला.”

“म्हणजे अठ्ठावीस वर्षं.”

ताईंनी मान हलवली. बाईंनी भिंग जागच्या जागी ठेवले, कडेला कड लावून, आणि वर निघून गेल्या. दार लावल्याचा आवाज आला नाही. ताई तो आवाज येण्याची वाट पाहत राहिल्या. तो आला असता तर बरे वाटले असते.

रविवारी सकाळी बारक्या आला. ताईंनी त्याला आजोबांविषयी सांगितले, बाईंच्या भावाविषयी सांगितले. तो ऐकत होता आणि डगल्याच्या बटणाशी चाळा करीत होता. मग म्हणाला, “आजोबांनी कोणाला मारलं का?”

“ते म्हणायचे, मी नुसता उभा होतो.”

त्याने डगला हातावर टाकला. घालणार की नाही, हे त्याचे त्यालाच कळत नव्हते. चौकात आठ जण वाट पाहत होते. तेवढ्यात जिन्यावरून बाई उतरल्या. रात्रभर जागल्यासारख्या दिसत होत्या, पण केस नीट विंचरलेले होते. त्या शेवटच्या पायरीवर आल्या आणि तिथेच खाली बसल्या.

“घाल,” त्या म्हणाल्या.

“बाई, मी नाही म्हणजे... मी आता...”

“घाल. आणि इथे उभा राहा. वाटेत.”

शाळेतल्या मुलासारखे त्याने ऐकले. डगला त्याला मोठा होता, बाही बोटांपर्यंत येत होती. तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. बाईंची नजर त्याच्या मनगटावर होती, तोंडाकडे त्यांनी पाहिलेच नाही. त्या बाजूला झाल्या नाहीत. उठल्या नाहीत. वरच्या मजल्यावरून कोणी पिशवी घेऊन उतरत होते, ते अर्ध्या जिन्यात थबकले आणि तिथेच उभे राहिले. बारक्याच्या कपाळावर घाम आला. ताई सांगतात, हे एखादे मिनिट असेल. बारक्या म्हणतो, अडकलेल्या लिफ्टमध्ये माणसे उगाच ओरडत नाहीत, हे त्याला त्या दिवशी कळले.

त्याने घाईने बटणे सोडवली, एक तुटून घरंगळत गेले. डगला काढून त्याने बाईंच्या शेजारी पायरीवर ठेवला आणि बाहेर पडला. चौकात गेला नाही. आठ जणांनी त्याला भित्रा ठरवून टाकले, आणि कंपनीत तो अजून बारक्याच आहे.

बाईंनी डगला आणि शाल दोन्ही वर नेले. सोमवारी चारला त्या खाली आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. ताईंनी रोज दोन कप मांडले, रोज एक कोरडाच उचलून ठेवला. मधल्या काळात त्यांना जुन्या चौकशीची कागदपत्रे ठेवणाऱ्या कार्यालयातून बोलावणे आले. तिथे बाई आधीच बसल्या होत्या. दोघींमध्ये दोन रिकाम्या खुर्च्या. ताईंनी धागा कोणाचा, हात कोणाचा, डगला कोणाचा, ते सांगून सही केली. एका तरुण कारकुनाने सावकाश वाचून दाखवले: डाव्या बाहीवर मनगटाशी निळ्या धाग्याचे रफू. बाई म्हणाल्या, “चौकोनी लिहा.” त्याने लिहिले. ताई बसने परतल्या, बाई चालत.

इमारतीत आता सगळ्यांना ठाऊक झाले. दोन गिऱ्हाइके तुटली. एकाने कोट अर्धवट रफू झालेलाच परत नेला.

बाराव्या दिवशी चारला जिन्यावर पावले वाजली. बाई आल्या, पण बसल्या नाहीत.

“ताई, त्या पहाटे घरी आल्यावर ते काय म्हणाले?”

“कुठली पहाट तुमची, ते मला माहीत नाही. प्रत्येक पहाटे एकच म्हणायचे.”

“काय?”

“बूट चावतात म्हणायचे. मी पाणी तापवून द्यायची. पाय शेकायला.”

बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. “पाणी तापवून,” त्या म्हणाल्या.

“हो.”

मग त्यांनी स्टूल ओढले आणि बसल्या. कप पुढे घेतला, प्यायल्या नाहीत. “उद्या आणखी विचारीन.”

“विचारा.”

“परवाही विचारीन. मला पुष्कळ विचारायचंय.”

“मी इथेच असते.”

तेव्हापासून बाई रोज येतात. रोज एक प्रश्न असतो. कधी दोन. उत्तर मिळाले की त्या थोडा वेळ बसतात आणि वर जातात. चहा कधी पितात, कधी तसाच राहतो. आज काय विचारतील आणि आजचे उत्तर ऐकून उद्या येतील की नाही, हे ताईंना कळत नाही. चार वाजत आले की त्यांना सुईत धागा ओवता येत नाही. पायरीवर पाऊल वाजल्यावर मगच तो जातो.